गावडेकाका शिव्या गाळतात

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत सर्वांत जास्त शिव्या गावडेकाकांच्या तोंडी असतात, आणि लोकांच्या संगणकांतल्या शिव्या पुसायचं कामही तेच करतात.

गोदीतून निवृत्त झाल्यावर काका संगणक शिकले आणि काही हौशी मंडळींच्या टोळीत शिरले. या मंडळींनी एक छोटं सॉफ्टवेअर बनवून सगळ्यांना फुकट वाटलंय. संगणक सुरू केला की ते एक गमतीदार मराठी वाक्य दाखवतं. कुणाला लागेल असं वाक्य शोधून काढून टाकायचं, हे काकांचं खातं.

पद्धत सोपी. वाक्य कागदावर लिहायचं आणि बाजारात मासे घेताना कोळीण मावशींना वाचून दाखवायचं. मावशी हसल्या तर वाक्य राहिलं. मावशींचा कोयता थांबला तर गेलं. "आवशीक खाव, बाईच्या रंगावर हसतत मेले," असं म्हणत काकांनी एका दिवसात बारा वाक्यं उडवली. मी हौसेने पाठवलेला सासूचा विनोदही गेला. मी भांडले.

"एकाची जरी तक्रार इली तरी काढूचा. नियम म्हणजे नियम गो."

तक्रार माझ्याच सासूबाईंची होती.

गेल्या महिन्यात मात्र तक्रार आली ती काकांनी स्वतः घातलेल्या वाक्यावर. "शिरा पडांदे तुझ्या तोंडार, तो डबो बंद कर आणि जेवक ये." कुणीतरी विचारलं होतं, सकाळी सकाळी संगणकाने शिव्या का द्याव्यात?

ते वाक्य काकूंचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. रोज दुपारी संगणकाच्या डब्यासमोर बसलेल्या काकांना त्या अशीच हाक मारत, भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येई. मालवणी माणसाला त्यात लाडच ऐकू येतो. ते वाक्य समोर यावं म्हणून काका दिवसातून दहादा संगणक बंद-चालू करायचे.

"राहू द्या ना काका. मी कुणाला सांगणार नाही."

"तुझा वाक्य काढलंय ना? मगे माझाय जातला."

त्यांनी ते काढलं, संगणक बंद केला आणि परत चालू केला नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी मी त्यांच्या दाराशी गेले. या माणसाला मी आजवर 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. डोळे मिटून एका दमात म्हणून टाकलं, "शिरा पडांदे तुझ्या तोंडार, तो डबो बंद कर आणि जेवक ये."

आपण भलतंच करून बसलो, असं वाटून मी वळणार, तेवढ्यात दार उघडलं.

"तसा नाय गो," काका म्हणाले. "ती हसान म्हणायची. परत म्हण."