पाच तारे आणि गार झालेला कहवा

"माझ्या गाडीत बसलेला माणूस मरूच शकत नाही!" असं सुफियान अम्मानभर सांगत सुटला होता. गाडी आकाराने आटोपशीर, पण थाट अमिराचा! अमेरिकेत वापरलेली, झर्काच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून उचललेली, धडक-चाचणीत पाच तारे मिळवलेली. तपासणीच्या कागदावर सातही शेरे 'उत्तम'. एवढं असल्यावर रवानला मागणी घालायला कसली भीती?

चाळीस माणसं घेऊन स्वारी मुलीकडे पोचली. सुफियानचे चुलते हाज ध्याब यांनी रीतीप्रमाणे कहव्याचा पेला तसाच खाली ठेवला. मुलगी दिली म्हटल्याशिवाय घोट घ्यायचा नसतो.

"मुलगी द्यायला माझी ना नाही," रवानचे वडील, अबू रवान, म्हणाले. "पण तिला फिरवणार कशातून?"

"काका, पाच तारे आहेत! माणूस मरूच शकत नाही!"

घ्या! ज्या घरात दोन वर्षांपूर्वी रवानची आई अपघातात गेली, तिथे हा पठ्ठ्या हे बोलला.

अबू रवान उठून बाहेर गेले. काचेतून गाडीचा चासी नंबर टिपून मोबाइलवर घातला आणि पांढरेफटक होऊन परतले.

"कंपनीने दुरुस्तीसाठी तीनदा परत बोलावलीय ही गाडी. ब्रेक झाले, दारं झाली. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग बदलायची राहिलीय. ऐनवेळी उघडेलच असं नाही."

"अहो, आम्ही सोयरीक करायला आलोय की गाडी विकायला?" हाज ध्याब भडकले. त्यांच्या घशाला कोरड पडली होती.

"हिची आई त्याच सीटवर होती, हाज. गाडी मी चालवत होतो. बॅग उघडली नाही."

सुफियानला जमीन दुभंगावी असं झालं. त्याने धावत जाऊन गाडीच्या एजन्सीला फोन लावला.

"आमच्याकडून घेतली नाहीत ना? मग नव्या बॅगेसाठी थांबा आठ महिने!"

"विकून टाकतो, काका!"

"म्हणजे दुसऱ्या कुणाची पोर त्या सीटवर बसवणार?"

चाळीस पेले गार होत चालले. शेवटी बायकांच्या खोलीतून रवानच ओरडली, "मी मागे बसेन, बाबा! प्या म्हणावं आता एकदाचा!"

"आणि पुढची रिकामी दिसली की येशील पुढे. नाही. तिथे मी बसणार."

"तुम्ही? त्या सीटवर?" सुफियानने विचारलं.

"माझं काय राहिलंय आता!" अबू रवान म्हणाले, मुलगी दिली आणि सगळ्यांनी एकदाचा कहवा घेतला, गार आणि कडू.

लग्नानंतर जोडपं समुद्रकाठच्या अकाब्याला फिरायला गेलं, तेही तिघं! सासरे पुढे, "सावकाश, सावकाश" म्हणत. रवान मागे, बॅगांच्या ढिगात. आठ महिने सुफियानने गाडीत बायकोचं तोंड पाहिलं ते आरशातच.

अखेर नवी एअरबॅग आली, बसली. सुफियानने दुरुस्तीचा कागद सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी तो दोनदा वाचला, डोळे पुसले. सुफियानने ऐटीत पुढचं दार उघडलं. "या, बाईसाहेब!"

रवान पाऊल टाकते तोच अबू रवान आत शिरले, पट्टा लावला आणि खूप दिवसांनी मोकळा श्वास सोडला.

"आता कसं निर्धास्त बसता येईल, नाही का?"

सुफियानने रवानकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि मागचं दार उघडलं.