आप्पांनी आवरलेला कॉम्प्युटर

सकाळी सव्वादहाला सूनबाईने कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली. सुरू होण्यासाठी लागणारी फाइल सापडत नाही. तिने बंद करून पुन्हा सुरू केला. ओळ तीच. तिसऱ्यांदा केला. ओळ आपल्या मतावर ठाम होती.

अकरा वाजता तिला शिकवून दाखवायचं होतं. मोठ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका संस्थेत जागा निघाली होती. प्राचार्याबाई आणि तांत्रिक विभागाचे सर व्हिडिओवरून तिचा वीस मिनिटांचा पाठ बघणार होते. विषय त्यांनीच दिला होता : ऑपरेटिंग सिस्टिमची ओळख, तीही जन्मात कॉम्प्युटरला हात न लावलेल्यांसाठी. अडीच वर्षांपूर्वी, लेक झाली तेव्हा, तिने अशीच एक नोकरी सोडली होती. ते काम परत हवं म्हणून गेले तीन आठवडे रोज दुपारी लेक झोपली की ती टेबलाशी बसायची, एका हाताने लेकीला थोपटत दुसऱ्या हाताने टाइप करायची. अशा एका हाताने बावीस स्लाइड्स झाल्या होत्या. त्या बावीसच्या बावीस आता या काळ्या पडद्याच्या पलीकडे होत्या.

"आप्पा, काल कॉम्प्युटरला कुणी हात लावला होता का?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. चेहरा शाबासकी घ्यायला तयार होता.

"हात लावला काय विचारतेस? आवरून ठेवलाय! म्हटलं, उद्या पोरीचा महत्त्वाचा दिवस. आत नुसता पसारा होता गं. कशाचा कशाला पत्ता नाही."

आप्पा एकतीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नटापासून मोटारीपर्यंत सगळा माल त्यांच्या ताब्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरचं कपाट आवरलं, मग पुस्तकं, मग स्वयंपाकघर. सासूबाईंना मीठ शोधायला दोन दिवस लागले होते, कारण ते 'म'च्या फळीवर गेलं होतं.

"आवरला म्हणजे नेमकं काय केलंत?"

"वर्णानुक्रमे लावला. एका अक्षराच्या फाइली एका फोल्डरात. आणि तुला एक गोष्ट माहीत नसेल. आत लपवून ठेवलेल्या फाइली होत्या!" आप्पांनी आवाज खाली आणला. "व्हिडिओ बघून शोधून काढल्या मी. स्टोअरमध्ये लपवलेला माल म्हणजे काय असतो, मला विचार. सगळा बाहेर काढला आणि जागच्या जागी लावला."

"कॉम्प्युटरने तुम्हाला अडवलं नाही?"

"अडवलं की! हे हलवू नका, खात्री आहे का, परवानगी आहे का... चार वेळा विचारलं. चारही वेळा मी हो म्हटलं. नवीन माणसाला जरा खमकेपणा दाखवावा लागतो."

सूनबाई खुर्चीत बसली. लपवलेल्या फाइलींमध्ये कॉम्प्युटरला सकाळी उठवणाऱ्या फाइली होत्या. त्या आता कुठल्याशा अक्षराखाली अत्यंत व्यवस्थित ठेवलेल्या होत्या.

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "अहो, माझं मीठ तरी सापडलं. हिचं काय सापडणार आहे आता?"

आप्पांचा चेहरा हळूहळू उतरला. "बिघडला का गं?"

"दुरुस्त होईल, आप्पा. पण दोन तास लागतील."

घड्याळात दहा पंचवीस झाले होते. शेजारी विचारून झालं. त्यांचा लॅपटॉप त्यांच्यासोबत कामाला गेला होता. नवऱ्याला फोन झाला. तो मीटिंगमध्ये होता, आणि 'बंद करून सुरू कर' एवढं कुजबुजून त्याने फोन ठेवला. लेकीने तेवढ्यात रंगीत खडूने काळ्या पडद्यावर एक बदक काढलं. बदक छान आलं होतं, पण ते पुसायला दहा मिनिटं गेली.

पावणेअकराला सूनबाईने साडीला पिन लावली, आपला मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कॉम्प्युटर शेजारी ओढून घेतला. काळा पडदा, पांढरी ओळ आणि कोपऱ्यात न पुसलं गेलेलं बदकाचं एक पाऊल, सगळं कॅमेऱ्यात आलं.

"आप्पा, पिल्लूकडे बघाल ना वीस मिनिटं?"

"काय म्हणतेस! हलूसुद्धा देत नाही तिला." आप्पा एवढे नरम कधी बोलत नसत.

अकराला बाई आणि सर मोबाइलच्या पडद्यावर आले. नमस्कार झाले. सर म्हणाले, "करा सुरुवात. स्लाइड्स?"

"स्लाइड्स नाहीत, सर." तिने एकदा श्वास घेतला. "हा कॉम्प्युटर बघा. पडदा ठीक आहे, कीबोर्ड ठीक आहे, आत साठवलेलं सगळं आतच आहे. तरी हा काही करत नाही. असं का? एका कारखान्यात जाऊ. तिथे मोठं स्टोअर आहे. मांडण्या मालाने भरलेल्या. सकाळी कामगार खिडकीशी आलेत. कुणाला पाना हवाय, कुणाला बोल्ट. माल आहे, माणसं आहेत, पण खिडकी बंद. स्टोअरकीपर आलेलाच नाही."

दारामागे आप्पांचे कान टवकारले.

"कामगार म्हणजे आपले प्रोग्रॅम. कुणी पत्र लिहिणारा, कुणी गाणी वाजवणारा. यांतल्या कुणालाही थेट मांडणीला हात लावता येत नाही. प्रत्येकाने खिडकीशी यायचं, मागायचं. कुणाला काय द्यायचं, किती वेळ द्यायचं, कुणाचं काढून कुणाला द्यायचं, हे एकटा स्टोअरकीपर ठरवतो. तोच ऑपरेटिंग सिस्टिम."

"आणि मेमरी?" सरांनी विचारलं.

"खिडकीशी एक टेबल असतं ना, सर? आत्ता चाललेल्या कामाचा माल टेबलावर. बाकीचा मागे मांडणीत. टेबल लहान, पण हात चटकन पोचतो. मांडणी मोठी, पण चालत जावं लागतं. म्हणून टेबलावर गर्दी झाली की कॉम्प्युटर मंद होतो. आणि वीज गेली की टेबल साफ. मांडणीतलं तेवढं राहतं."

आप्पांनी दारामागून जोरजोरात मान हलवली. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं.

"बरं, सकाळी स्टोअरकीपरला उठवतं कोण? गेटवर एक वॉचमन असतो. तो कॉम्प्युटरच्या एका छोट्या चिपमध्ये राहतो. त्याला फार काही येत नाही. दिवे लागतात का बघतो, ठरलेल्या खिळ्यावरची किल्ली घेतो आणि स्टोअरकीपरचं दार उघडतो. आज वॉचमन आला, खिळ्याशी गेला, पण किल्ली..."

"आई, शू!"

लेक आजोबांच्या हातातून सुटून टेबलाशी उभी होती. दोन्ही गुडघे जुळलेले. म्हणजे वेळ फारच थोडा होता.

सूनबाई उठली. "बाई, सर, याला इंटरप्ट म्हणतात. चालू काम कुठे थांबलं ते लक्षात ठेवायचं, तातडीचं आधी उरकायचं आणि परत तिथूनच सुरू करायचं. मी 'किल्ली'वर थांबलेय." लेकीला उचलून ती आत पळाली.

खोलीत आप्पा आणि मोबाइल उरले. शांतता आप्पांना सोसेना. ते पुढे झाले आणि मोबाइलच्या इतक्या जवळ गेले की पलीकडे फक्त कपाळ दिसू लागलं.

"नमस्कार. मी सासरा. आप्पा."

"नमस्कार," बाई म्हणाल्या.

"तुमच्या सूनबाईंची कल्पना आवडली," सर म्हणाले. "सकाळपासून सहा जणांनी स्लाइड्स दाखवल्या. मुद्दाम बिघडवलेला कॉम्प्युटर समोर ठेवायची हिंमत यांचीच."

आत न्हाणीघरात सूनबाईला हे स्पष्ट ऐकू आलं. हो म्हणा, आप्पा, असं ती मनात म्हणाली. हो म्हटलं तर नोकरी जवळजवळ हातात होती, आणि आप्पांची चूकही कुणाला कळणार नव्हती. पण लेक म्हणाली, "आई, अजून आहे."

बाहेर आप्पांनी घसा साफ केला.

"मुद्दाम नाही, साहेब. मी बिघडवला. किल्ली मीच उचलून 'क'च्या कपाटात ठेवली. तिचे वीस-बावीस कागद आत अडकलेत, तीन आठवड्यांची मेहनत. सकाळी कळलं तरी मला एक शब्द बोलली नाही. म्हणून सांगतोय. तिने मुद्दाम केलं असतं तर हुशारी झाली असती, पण हे तिने ऐनवेळी, हाताशी काही नसताना उभं केलंय."

सूनबाई ओल्या हाताने, लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली.

"खरं आहे ते, सर. किल्ली खिळ्यावर नाही," तिने थांबलं होतं तिथूनच सुरू केलं. "ती दुसऱ्या कपाटात नीट लावून ठेवलीय. हरवलेली नाही. पण वॉचमनला एकच खिळा माहीत असतो, म्हणून तो ही एक ओळ लिहून बसलाय. आता तो रागावलेला नाही, घाबरलेलाही नाही. त्याला किल्ली परत खिळ्यावर लावून दिली की पुरे. शिकायला आलेल्यांना मला पहिल्या दिवशी हेच सांगायचंय, की काळा पडदा बघून आपण काहीतरी भयंकर केलं असं समजू नका."

शेवटचं वाक्य ती मोबाइलकडे बघून बोलली नाही. दाराशी उभ्या असलेल्या आप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

प्राचार्याबाई म्हणाल्या, "आप्पा, जरा इकडे या. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, कळलं का तुम्हाला?"

आप्पांनी चष्मा घातला, छाती भरून घेतली आणि एका शब्दाने काम भागवलं.

"मी."

बाई इतक्या हसल्या की पडद्यावरून बाजूला गेल्या.

दुपारी दोन तास बसून सूनबाईने कॉम्प्युटर जागेवर आणला. आप्पा शेजारी स्टूल घेऊन बसले होते. कुठली फाइल कुठल्या फोल्डरात ठेवली हे त्यांना सगळं तोंडपाठ होतं, त्यामुळे कामाला निम्माच वेळ लागला असं ते संध्याकाळी सासूबाईंना सांगत होते. नोकरीचा विषय मात्र घरात कुणीच काढला नाही. सासूबाईंनी दोनदा मोबाइल उगाचच पुसून ठेवला.

पाचव्या दिवशी फोन आला. सूनबाई भांड्यांपाशी होती. तिने ऐकलं, "हो, सर... हो... एक तारखेपासून... नक्की" म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ नुसतं ऐकत राहिली. ऐकता ऐकता खाली बसली. लेक मांडीत येऊन चढली, सासूबाई गॅस बंद करून आल्या. आप्पा उभेच होते.

"झालं का?"

तिने मान हलवली. आप्पांनी नातीला उचललं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "आमची सून शिकवते," ते खिडकीला म्हणाले. खिडकीत कुणी नव्हतं, पण सुरुवात कुठून तरी करायलाच हवी होती.

"आप्पा, सरांना तुमच्याशी बोलायचंय."

"माझ्याशी?" आप्पांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. आता ओरडा बसणार म्हणून ते ताठ झाले. "बोला, साहेब."

"आप्पा, पहिल्या तासाला विद्यार्थ्यांनी स्वतः दुरुस्त करायला आम्हाला तुमच्या कॉम्प्युटरसारखे बिघडलेले दहा कॉम्प्युटर हवेत," सर पलीकडून म्हणाले. "आमचे दोन इंजिनिअर कालपासून बसलेत. पण या सिस्टिम स्वतःला सांभाळतात हो, काही केल्या पुरतं बिघडू देत नाहीत. तुम्ही नेमकं कसं केलंत?"

आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. सूनबाईकडे पाहिलं. मग एकतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाच्या संथ आवाजात ते म्हणाले,

"फोनवर सांगून जमायचं नाही, साहेब. उद्या सूनबाईबरोबर येतो. पण दहाच्या दहा एका दिवसात मागू नका. मी काम करतो ते व्यवस्थित करतो."