आधी खातरजमा

घाटगे साहेबांच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नाही, आतून प्रश्न येतो. "मागच्या खेपेला चहाबरोबर काय खाल्लं होतं?" एकदा मी बेधडक "खारी" म्हणालो. आतून आवाज आला, "शंकरपाळी होती, मास्तर. चुकलात." मी त्यांच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर राहतो. माझा आवाज ते वर्षानुवर्षं ऐकतात, दाराच्या भिंगातून माझं टक्कलही त्यांना दिसत होतं. तरी त्या दिवशी मी चहा न पिताच जिना उतरलो.

"राग मानू नका," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. "आधी खातरजमा, मग चहा."

घाटगे मूळचे कोल्हापूरचे. नोकरीपायी लखनौला आले आणि इथेच, महानगर नावाच्या वस्तीत, मुरले. शहराला वीज पुरवणाऱ्या कंपनीत ते वरिष्ठ इंजिनियर. नियंत्रण केंद्रात बसून संगणकावर एक बटण दाबलं की दूरच्या एखाद्या वस्तीचे दिवे जातात किंवा येतात. उद्या त्या खुर्चीवर भलताच माणूस येऊन बसला तर, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात एकदा शिरला तो पुन्हा बाहेर पडलाच नाही. तिथून निघालेली खातरजमा थेट भाजीच्या गाडीपर्यंत पोचली. "भैया, पहले बताओ, कल मैंने क्या लिया था?" भाजीवाला बिचारा अदबीनं सांगायचा, "लौकी, बाबूजी." "हाँ. अब पालक दो."

फोनचं तर विचारूच नका. कुणाचाही आला की कापायचा आणि आपल्याकडच्या नंबरावर स्वतः उलट लावायचा. वहिनी होत्या तेव्हा रोज दुपारी ऑफिसात फोन करायच्या. हे तोही कापायचे. "अहो, बायकोचासुद्धा?" मी एकदा विचारलं. "नियम म्हणजे नियम." वहिनी नुसत्या हसायच्या. "लग्नाच्या वेळी माझी खातरजमा करायची तेवढी राहून गेली," म्हणायच्या. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. मुलगा नोएडाला असतो, बापाशी हिंदीतच बोलतो.

मी इंजिनियरिंग कॉलेजात संगणक शिकवतो. आमचं कॉलेज आणि घाटग्यांची कंपनी यांनी मिळून एक काम अंगावर घेतलं. कंपनीच्या सरोजिनी नगरच्या ऑफिसात आम्ही एक खोटं नियंत्रण केंद्र उभं केलं. संगणक खऱ्यासारखेच, फक्त त्यांच्या तारा शहराला न जाता एका मोठ्या टेबलाला जातात. टेबलावर छोटे छोटे दिवे, प्रत्येकाखाली एका वस्तीचं नाव. इंजिनियरांनी ते राखायचं, आमच्या पोरांनी फोडायचं, आणि जी भोकं सापडतील ती खऱ्या केंद्रात वेळीच बुजवायची. कंपनीतले मोठे साहेब श्रीवास्तव यांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. "बच्चों को घर की चाबी दे दें क्या?" घाटग्यांनीच भांडून भांडून एका सरावापुरती परवानगी मिळवली होती. काम पुढे चालवायचं की गुंडाळायचं, हे त्या सरावावर ठरणार होतं.

पोरांनी खोट्या ईमेल धाडल्या. घाटग्यांनी प्रत्येक पाठवणाऱ्याला उलट फोन लावला. एक जण पंखा दुरुस्त करणारा बनून आत शिरला. त्याला त्यांनी ओळखलं आणि खरोखरच पंखा दुरुस्त करायला लावला. तो झालाही, एवढंच काय ते आमच्या कॉलेजचं यश.

मग ऋतुजा माझ्याकडे आली. ही माझी विद्यार्थिनी. वडील रेल्वेत, घराणं कोल्हापूरकडचं, पण मी मराठीत बोललो तरी उत्तर नेहमी हिंदीत. "सर, घाटगे अंकल कहाँ के हैं?" मी सहज सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला तिनं शेजारच्या खोलीतून त्यांना फोन लावला. मी तिच्याजवळच उभा होतो, काचेपलीकडे घाटगे दिसत होते.

"सर, मैं कंप्यूटर मेंटेनेंस से बोल रही हूँ. नई आई हूँ."

"फोन रखिए. आपके ऑफिस का नंबर है मेरे पास, मैं लगाता हूँ."

"बरं काका," ऋतुजा म्हणाली, आणि पुढे तिच्या तोंडून मी कधी न ऐकलेल्या अस्सल कोल्हापुरीत, "जेवलासा का?"

फोन ठेवायला निघालेला घाटग्यांचा हात तसाच थांबला.

"कुठली गं पोरी तू?"

"आमचं गाव गडहिंग्लज."

मग पांढऱ्या रश्श्यावर बोलणं झालं. लखनौच्या थंडीवर झालं. शेवटी ती हळूच म्हणाली, की नवा पासवर्ड तिला कुणी दिलाच नाही, पहिलाच दिवस आहे, आता साहेब ओरडणार.

"पहिल्याच दिवशी बोलणी खाऊ नकोस," घाटगे म्हणाले. "घे लिहून."

टेबलावरचं तेलीबाग विझलं. सरोजिनी नगर विझलं. मग महानगर, म्हणजे त्यांचं आणि माझं घर. पोरांनी टाळ्या पिटल्या. ऋतुजानं नाही पिटल्या. काचेपलीकडे घाटगे रिसीव्हर हातात धरून बसले होते.

निर्णयाच्या बैठकीआधी ती रडवेली होऊन त्यांच्याकडे गेली. "अंकल, मैं लिख दूँगी कि सॉफ्टवेयर में गड़बड़ थी." खरं सांगतो, मलाही तेच बरं वाटलं. म्हाताऱ्याची आयुष्यभराची अब्रू होती.

श्रीवास्तवांनी विचारलं, "तो कहाँ से घुसे बच्चे?"

घाटगे उभे राहिले. "सर, सॉफ्टवेयर ठीक है. मुझसे घुसे. हम सब झूठ पकड़ने बैठे थे. इस बच्ची ने पूछा, खाना खाया क्या? इसकी तैयारी हममें से किसी की नहीं थी. आज इसने पूछा, कल कोई और पूछेगा. यह काम बंद मत कीजिए."

"घाटगे जी, जो आपसे निकलवा ले, वो तो हम सबसे निकलवा लेगी," श्रीवास्तव म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "प्रोफेसर साहब, अगली बार कब रखें? और इस बार मेरे कमरे से शुरू कीजिए."

परतताना कानपूर रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. मी विचारलंच, "साहेब, फोन कापला का नाहीत?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमची वहिनी रोज हेच विचारायची. जेवलासा का. मी रोज कापायचो. उलट लावायचो, पण कधी मध्येच कुणी हाक मारायचं, राहून जायचं. आज कापवेना, मास्तर."

मला फार वाईट वाटलं. मी उगाचच हॉर्न वाजवला.

काम अजून चालू आहे. काल दुपारी मी त्यांच्यासमोर बसलो होतो, डबा उघडलेला होता. फोन वाजला. पडद्यावर ऋतुजाचं नाव होतं. घाटग्यांनी तो कापला. पण त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला आणि लगेच उलट फोन लावला.

"हां, झाली खातरजमा," ते म्हणाले. "जेवतोय गं. तू जेवलीस का?"