पन्नासाव्या किलोमीटरच्या वेढ्याची हकिकत

श्री रस्ता समर्थ. जो मोडून पडला त्यास आधी नमन, जो ओढून नेतो त्यास मागाहून. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक वद्य पक्षी एका राज्यात वर्तमान घडले ते घडले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, राज्य मोठे आहे, त्यास कळेल. त्या राज्यात एक विमादरबार होता, आणि दरबाराने मोटारवाल्यांस कौल दिला होता की वाटेत गाडी बंद पडली तर आम्ही उचलून नेऊ, आणि कौलाच्या अकराव्या पानावर मुंगीच्या डोक्याएवढ्या अक्षरांत लिहिले होते की पन्नास किलोमीटरपर्यंत.

त्याच राज्यात एका कसब्यात इंदुमतीबाई खैरमोडे मोटार शिकवीत असत. गाडी एकच, पुढेमागे तांबडा 'एल', आणि डाव्या अंगास शिकवणारीच्या पायाखाली दुसरा क्लच व दुसरा ब्रेक. त्यांच्या शिष्या जरीनाबी मुजावर, वय बावन्न, जेवणाचे डबे करून घरोघर पोचवीत. यजमानांची नजर अधू झाली आणि डब्यांची व्हॅन दारात उभी राहिली, म्हणून स्वतः शिकावयास आल्या. परीक्षेत दोन वेळा पडल्या, दोन्ही वेळा चढावर, गाडी थांबवून पुढे काढावयाची ती मागे घरंगळली. तिसरी परीक्षा दुसरे दिवशी सकाळी नऊस, आणि शिकाऊ परवान्याची मुदतही त्याच दिवशी सरणार. मुलूख सपाट, सरावास चढ नाही, म्हणून इंदुमतीबाईंनी त्यांस त्रेसष्ट किलोमीटरांवरील घाटाच्या पायथ्याशी नेले, आणि तेथे चढावर थांबणे आणि निघणे, थांबणे आणि निघणे असे चाळीस वेळा करविले, आणि एकेचाळिसाव्या वेळी क्लच प्लेट जळाली, वास सुटला, आणि गाडी जागची हलेना. मग बाईंनी दरबारास फोन लाविला.

(येथे दरबारचे वाद्यवादन नऊ मिनिटे. लिहिण्याजोगे नाही.)

मग दरबाराने टोइंगचा ट्रक धाडिला. चालक गहिनीनाथ केदार. त्यांनी ट्रकची पाठ कलती केली, तार लावून गाडी वर ओढिली, दोघींस केबिनमध्ये बसविले आणि निघाले. आणि पन्नासावा किलोमीटर आला. तेथे एक बंद रसवंती आणि एक बाभूळ, आणि कसबा अजून तेरा किलोमीटर. गहिनीनाथांनी ट्रक बाजूस घेऊन विनंती केली की माझी हद्द सरली, गाडी येथे उतरवितो, आपण ओटीपी सांगावा. दरबारचा रिवाज असा की ग्राहकाने ते चार आकडे सांगितल्यावाचून फेरी मिटत नाही, आणि फेरी मिटल्यावाचून ट्रकवाल्यास दुसरी मिळत नाही.

इंदुमतीबाई पुसत्या झाल्या की बाभळीखाली क्लच प्लेट कोण बसविणार? कसब्यात मिस्त्री नवी प्लेट घेऊन वाट पाहत आहे, संध्याकाळपर्यंत गाडी जोडून देतो म्हणतो, आणि गाडी आम्हांस उद्या सकाळी पाहिजे.

"ताई, मला कळतंय हो," गहिनीनाथ म्हणाले, "पण हद्द ओलांडली की त्यांच्या नकाशात मी लाल दिसतो."

ऐसे बोलून ते पाठ कलती करावयास मागे गेले, तोवर दोघी ट्रकवर चढून आपल्या गाडीत जाऊन बसल्या, आणि दारे लावून घेतली. सुकाणू जरीनाबींकडे. गहिनीनाथांनी खाली या म्हटले, मग हात जोडले, मग भिऊन उतरतील म्हणून पाठ हळूहळू कलविली आणि तार सैल सोडली. गाडीने खाली घरंगळावे. ती घरंगळेना. जरीनाबींनी ब्रेक दाबून धरला होता. इंजिन बंद, ब्रेक दगडासारखा, आणि डावीकडून इंदुमतीबाईंचाही पाय दुसऱ्या ब्रेकवर होता, तो त्यांनी उचलून घेतला व जरीनाबींस म्हटले,

"तुमची गाडी. तुम्हीच धरा."

गहिनीनाथ खिडकीशी आले. "ओ मावशी, पाय काढा."

"पाय काढून दोनदा नापास झालेय, बाबा. आता नाही काढत."

मग गहिनीनाथांनी दरबारचा कारभारी फोनवर घेतला. कारभाऱ्याने फर्माविले की मागे आठ किलोमीटरांवर आमचे मान्यताप्राप्त गॅरेज आहे, चार दिवसांत काम होईल. नाकारले. मग कारभारी मऊ झाला आणि म्हणाला की तेरा किलोमीटर खास मेहेरबानी म्हणून देतो, फक्त आपण एवढे बोलावे की चूक माझी होती आणि माझी तक्रार नाही, फोन रेकॉर्ड होत आहे.

"होतोय ना? मग हे पण घ्या," इंदुमतीबाई म्हणाल्या. "अकराव्या पानावरचं पहिल्या पानावर आणा, आम्हाला वाचता येईल एवढं मोठं छापा. तोवर मेहेरबानी तुमच्याकडेच ठेवा. ओटीपी मिळणार नाही."

कारभाऱ्याने फोन होल्डवर ठेविला.

(पुन्हा वाद्य. नंतर तेही नाही.)

आणि दीड तास गेला. ऊन काचेतून आत आले. जरीनाबींची पोटरी थरथरू लागली, त्यांनी उजव्या पायावर डावा पाय ठेविला, पण पाय काढिला नाही. गहिनीनाथांनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि पुसिले की उद्या आहे तरी काय? परीक्षा आहे आणि चढ आहे ऐसे ऐकून म्हणाले, माझ्या परीक्षेला साहेबानं आठचा आकडा काढायला लावला आणि चहाला गेला, चढ कुणी विचारलाच नाही. मग त्या थरथरत्या पायाकडे पाहिले. मग मागे जाऊन तार ताणली, आणि पाठ आपण होऊन सपाट केली.

"चला, केबिनमध्ये बसा. लाल तर लाल."

आणि ट्रक पन्नासावा किलोमीटर ओलांडून चालता झाला, आणि दरबारचा फोन सात वेळा वाजला, आणि गहिनीनाथांनी सातही वेळा वाजू दिला. मिस्त्रीच्या दारी गाडी उतरल्यावर इंदुमतीबाईंनी चार आकडे सांगितले, आणि फेरी मिटली.

दुसरे दिवशी नऊ वाजता जरीनाबी परीक्षेच्या मैदानातील सिमेंटच्या चढावर गेल्या आणि थांबल्या. गाडी बोटभर मागे आली नाही. साहेबांनी लिहून घेतले, मान वर केली, गाडी तेथेच. शेवटी साहेबांस म्हणावे लागले, "बाई, पास झालात. आता पुढे घ्या."

इत्यर्थ थोडका. दरबारच्या दप्तरी ही फेरी पन्नास किलोमीटरांची लिहिली आहे, सेवा हद्दीत पूर्ण, ग्राहक समाधानी. पुढले तेरा त्या दप्तरात नाहीत. ते आम्ही येथे लिहिले आहेत. खोडावयाचे असतील तर दरबाराने यावे.