रफाएलचा मुखवटा किती जुना

रफाएल कामांदीने वेवाक शहराच्या कोर्टात तिसऱ्यांदा सांगितलं, "साहेब, हा मुखवटा मी बनवलाय. गेल्या वर्षी. माझ्याच ओसरीवर बसून."

टेबलावर मुखवटा आडवा पडला होता. लांब नाक, शिंपल्यांचे डोळे. एका परदेशी प्रवाशाच्या सामानात विमानतळावर तो सापडला, 'देशाचा पुरातन ठेवा' म्हणून जप्त झाला. प्रवासी घरी निघून गेला आणि विकणारा म्हणून रफाएलला नदीकाठच्या गावातून बोलावून आणलं. ठेवा विकल्याची शिक्षा होती तुरुंग.

राजधानीहून आलेले तज्ज्ञ डॉ. वागी गेनो शांतपणे म्हणाले, "असं काम करणारा माणूस आज हयात नाही. मुखवटा शंभर वर्षांचा तरी असेल."

रफाएलचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला खोडून काढायचं होतं.

"चुलीवर धुरवून काळा केलाय. बायकोला विचारा."

बेनेडिक्टा उभी राहिली. "माझी मासे धुरवायची जागा अडवून बसला होता चार महिने. त्यावरून आमचं भांडण अख्ख्या गावाने ऐकलंय."

"धुरावरून वय कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग डोळ्यामागे बघा. गळाची नायलॉनची दोरी आहे."

डॉक्टरांनी शिंपला उचलून पाहिलं. "आहे. नंतर कुणीतरी केलेली डागडुजी. जरा अडाणीच." हे मात्र रफाएलला फार लागलं. "आणि लाकूड आम्ही तपासलंय. ते खूप जुनं आहे."

"लाकूड जुनंच आहे हो. मुखवटा नवा आहे."

मॅजिस्ट्रेट कोविल यांनी कपाळ चोळलं. वयस्कर माणसाला तिकडे म्हणतात तसं ते रफाएलला म्हणाले, "पापा, उरलेलं लाकूड असेल तर घेऊन या. शुक्रवारपर्यंत."

नदीवरच्या पगवीपर्यंत ट्रकने, पुढे होडीने रफाएल गावी गेला आणि उरलेलं लाकूड, म्हणजे एक भलामोठा खांब, घेऊन परत निघाला. ट्रकमध्ये खांबाला धरून बसलेली बेनेडिक्टा म्हणाली, "माफी मागितली असतीस तर एवढ्यात सोडलंही असतं."

"आणि माझं काम दुसऱ्या कुणाचं म्हणून कायमचं लिहिलं गेलं असतं. ते जमायचं नाही."

शुक्रवारी मुखवट्याची पाठ खांबाच्या कापलेल्या तोंडाला लावली. गाठीला गाठ जुळली, रेषेला रेष. डॉक्टरांनी जोड बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाले, "चूक माझी. मुखवटा यांचाच."

"पापा, सुटलात," मॅजिस्ट्रेट म्हणाले आणि उठू लागले.

पण डॉक्टर अजून खांबापाशी गुडघ्यांवर होते. रुमालाने चिखल पुसत होते. चिखलाखालून एक कोरलेली मगर बाहेर आली.

"हा खांब कुठला?"

"आजोबांच्या घराचा. घर पडलं, तेव्हापासून डुकरं अंग घासतात त्याला."

"खरा ठेवा हा आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि कुणीतरी तो करवतीने कापलाय."

मॅजिस्ट्रेट पुन्हा खाली बसले. कुणी कापला हे विचारण्यात अर्थ नव्हता. रफाएलने आत्ताच ते सिद्ध केलं होतं.

"खांब तुमच्या आजोबांचाच कशावरून?" त्यांनी विचारलं.

"ते सिद्ध करीन. तारीख द्या."

"तारीख नको," डॉक्टर म्हणाले. "ही मगरीची शेपटी बघा आणि मुखवट्याचं नाक बघा. छिन्नीचं वळण एकच. घराण्याचीच शिकवण आहे ही. तशी साक्ष मी देतो."

मॅजिस्ट्रेटांनी निकाल लिहायला घेतला. खांब कामांदी घराण्याचा. कापला तो अजाणता, म्हणून या वेळी माफ. मात्र यापुढे तो कोरडा, उभा आणि डुकरांपासून लांब ठेवायचा, आणि डॉक्टरांनी दरवर्षी येऊन बघायचा.

बेनेडिक्टाने निकाल नीट ऐकून घेतला.

"म्हणजे हा परत न्यायचा?"

रफाएलने एक टोक उचललंही होतं. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या आणि दुसरं धरलं.