नथ्थूभाऊंच्या सात पुड्या

राजापेठेतले आमचे शेजारी नथ्थूभाऊ माळी माती चाखून बघत. नव्या जागी पाऊल ठेवलं की चिमूटभर उचलायची, चोळायची, हुंगायची आणि जिभेवर ठेवायची. मग निकाल. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तिथेही आधी परसातली माती चाखली. "खारी हाय गा. इथं सोयरीक नोको," म्हणाले आणि जमत आलेलं लग्न मोडून घरी आले.

लढाई संपली, आणि सिंगापूरच्या फौजेला भाजी पिकवायला माळी हवेत असं कळलं. पंचेचाळिशीचे नथ्थूभाऊ संत्र्यांचा भरला बाग भावाच्या हवाली करून भरती झाले. "काहून गा?" असं सगळ्या पेठेनं विचारलं. "सिंगापूर पाह्याचं हाय," एवढंच उत्तर.

मी त्या फौजेत आधीच कारकून होतो. एक दिवस आम्हाला सुटी मिळाली, शहर बघायला लॉरीही मिळाली. पाच वाजता परतायचं होतं. निघतानाच नथ्थूभाऊंनी मला बजावलं, "बाबू, मी मातीच्या पुड्या बांधतो, तू जागेचं नाव लिवजो. आज सात जागा हायेत, एकबी सुटली नाई पायजे."

मला वाटलं, संत्र्याच्या कलमांचा काहीतरी खटाटोप असेल. मी पेन्सिलीला टोक केलं.

मद्राशांच्या देवळाचं रंगीत गोपुर सगळे मान वर करून बघत होते आणि नथ्थूभाऊ तेवढे खाली वाकलेले. कंपनीबागेतल्या माळ्यानं त्यांना चोर समजून खुरपं उगारलं, पण पुडी झालीच. टेकडीवर मोडक्या तोफा होत्या. आमची मंडळी त्यांच्यावर चढून बसली.

"अहो, तोफ तरी बघा!" मी म्हणालो.

"तोफ काय पाह्याची?" म्हणाले आणि ओंजळीतल्या मातीकडे बघत राहिले. एक नवल मात्र माझ्या लक्षात आलं. दिवसभरात त्यांनी एकदाही माती जिभेवर ठेवली नाही.

शेवटची जागा जहाजांची गोदी. तिथला पहारेकरी आत सोडेना. पाचला दहा मिनिटं कमी, लॉरी भोंगा वाजवतेय, आणि आमचे नथ्थूभाऊ तारेच्या कुंपणाखालून हात घालून चक्क पालथे पडलेले.

"लॉरी चालली हो!"

"जाऊ दे. पायी जाऊ."

गेलीच लॉरी. सात मैल चाललो. नव्या बुटांनी माझ्या पायांना फोड आले. हा माणूस मात्र पुड्या छातीशी धरून पुढे. मी असा भडकलो की सातव्या पुडीवर लिहिलं, 'वेड्याची माती'. त्यांना कुठे वाचता येत होतं!

मायदेशी परत आल्यावर ते मला अकोल्याला बहिणीकडे घेऊन गेले. तिचा मुलगा गजानन सिंगापूरच्या लढाईत गेला होता, हे मला तिथे ओट्यावर बसल्यावर कळलं.

"तारेत नुसतं सिंगापूर लिवलं होतं गा," नथ्थूभाऊ म्हणाले. "पोट्टा कुठं पडला, कोन सांगन? म्हनून सगळीकडची आनली."

बाई एकेक पुडी माझ्या हातात देत होती. मी वाचत होतो. देऊळ. बाग. टेकडी. प्रत्येक नावाला ती नुसती मान हलवायची. मग सातवी पुडी आली. 'वेड्याची माती' ही अक्षरं मी अंगठ्याखाली झाकली.

"हे कुठली, बाबू?"

"गोदी," मी वाचलं. "इथून समुद्र दिसतो, बाई."

तिनं पुडी कपाळाला लावली. "मंग इथंच असन तो. जातानी मले म्हने, माय, एकडाव समुद्र पायतो."

ती पुडी तिनं न उघडता देव्हाऱ्यात ठेवली. नथ्थूभाऊंनी हात जोडले. मीही जोडले, आणि समोर माझंच अक्षर होतं.