एका मताचा अध्यक्ष

अध्यक्ष म्हणून पहिल्या सभेत घालायचा सूट शिवायला टाकून निकोलस अल बर्शाच्या आपल्या फ्लॅटवर परतला, तेव्हा त्याने हरवलेला उमेदवार प्रेस्टन सोफ्यावर बसून चहा पीत होता. समोर निकोलसची मुलगी लॅरिसा, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

"हिला वकील नेमलंय मी," प्रेस्टन म्हणाला. "रीकाउंटच्या केससाठी."

दुबईतल्या वसईकरांच्या मंडळाची निवडणूक गेल्या रविवारी करामातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली होती. निकोलस एका मताने अध्यक्ष झाला. प्रेस्टनचं म्हणणं, एका चिठ्ठीवर निकोलसच्या नावाखाली इंग्रजी ‘एफ’ लिहिलाय, ती बाद करा. निकोलसने फेरमोजणीला साफ नकार दिला. मग प्रकरण व्हिवियन आंटींकडे गेलं. वसईच्या कोर्टातून न्यायाधीश म्हणून रिटायर होऊन त्या मुलाकडे दुबईला आल्या होत्या, आणि मंडळातली भांडणं त्यांच्याकडेच जात.

प्रेस्टन गेल्यावर निकोलस म्हणाला, "अगं, घरची वकील म्हणून मी तुलाच धरून चाललो होतो."

"डॅडी, प्रेस्टन अंकल आस्क्ड फर्स्ट," लॅरिसा म्हणाली. लॉचं शेवटचं वर्ष, आणि ही तिची पहिली केस.

"तू तरी सांग हिला," तो बायकोला म्हणाला.

"विचारायचं होतंस ना आधी," ॲना म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मग निकोलसने आपली केस आपणच लढवायची ठरवलं. पुढच्या रविवारी चर्चमधल्या मासनंतर त्याच हॉलमध्ये कोर्ट भरलं. बाप-लेकीचा सामना बघायला निवडणुकीपेक्षा जास्त गर्दी. निकोलस उभा राहिला. "आंटी, एफ म्हणजे फर्स्ट. मतदाराने प्रेमाने लिहिलंय, पहिली पसंती." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लॅरिसा उठली. हातात कागद नव्हता. घरात मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी भरसभेत स्वच्छ मराठीत बोलू लागली, आणि निकोलस क्षणभर केसच विसरला.

"मिस्टर निकोलस, निवडणुकीच्या दिवशी तुम्ही जेवलात?"

निकोलसची छाती फुगली. "नाही. सगळ्यांची पानं आली, माझं आलं नाही. मी तक्रारही केली नाही. मेंबर जेवले, मी उपाशी राहिलो." पुन्हा टाळ्या.

"पण जेवण मागवलं होतं?"

"मागवलं होतं ना. फिश थाळी."

"कसं मागवलं?"

"सगळ्यांनी मागवलं तसंच. चिठ्ठीवर आपलं नाव लिहून खाली मटणाला एम, नाहीतर फिशला..."

निकोलस थांबला.

"पूर्ण करा," लॅरिसा म्हणाली.

"एफ."

मताची चिठ्ठी आणि जेवणाची चिठ्ठी एकाच पॅडची, आणि दोन्हींवर त्याने लिहिलेलं नाव त्याचंच. घाईत दोन्ही पेटीत गेल्या होत्या. आंटींनी चिठ्ठी त्याच्यासमोर धरली. "अक्षर तुझंच?"

"माझंच, आंटी."

"मग हे मत नाही, जेवणाची ऑर्डर आहे. दोघांची मतं सारखी झाली. पुन्हा मतदान घ्या."

निकोलसने लेकीकडे पाहिलं. इतका वेळ ताठ उभी असलेली लॅरिसा आता पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा करत होती.

"पुन्हा कशाला? खलास. प्रेस्टनच अध्यक्ष," तो म्हणाला आणि शेजारी बसलेल्या ॲनाला कोपराने ढोसलं. "पाहिलंस? आधी मला उपाशी असल्याचं कबूल करायला लावलं, मग विचारलं मागवलं होतं का. क्रम बघ तिचा."

"तू हरलायस," ॲना म्हणाली.

"ते झालंच. पण क्रम बघ ना."

गाडीत बसताना त्याच्या धाकट्या भावाचा, कार्लचा, वसईहून फोन आला. "काय झालं केसचं?"

"जिंकलो," निकोलस म्हणाला. मागच्या सीटवर लॅरिसाने मान वर केली. "असं जिंकलो की समोरच्याला तोंड उघडायला जागा राहिली नाही."

"होता कोण समोर?"

"होता एक," निकोलस म्हणाला. "फार ताठ्यात आला होता."